मधले महिने

दुकानात औषध घ्यायला येणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले. मी शर्यतीहून आले की, "वहिनी, कितवा नंबर आला?" आणि पंधरा दिवसांनी, "मग आता पुढची कधी?" पण दोन शर्यतींच्या मधे जे महिने जातात, त्यांची चौकशी कोणी करत नाही. त्यात विचारण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही कुणाला. मला मात्र बोलायचं असतं ते नेमकं त्याच महिन्यांबद्दल.

नंबराचं आधी संपवून टाकते. लांब पल्ल्याच्या माउंटन बाइक शर्यतीत माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या बाईचा नंबर हा एकूण किती बायका आल्यात त्यावर ठरतो. चौघी असतील तर पहिल्या चारांत येतेच मी. एवढं ऐकल्यावर गिऱ्हाईक हसतं, गोळ्या घेतं आणि जातं.

माउंटन बायकिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हवेत उड्या मारणारी पोरं येतात. तो निराळा प्रकार. 1996 साली अटलांटाला ऑलिंपिकमध्ये जी माउंटन बायकिंग शिरली, ती आता सव्वा-दीड तासाची, एकाच आखलेल्या वाटेवर फेऱ्या मारायची. मी करते ती मॅरेथॉन जातीची. आंतरराष्ट्रीय नियमांत तिचं अंतर साठपासून एकशेसाठ किलोमीटरपर्यंत बसतं, आणि तेही डांबरावर नाही. मुरूम, दगड, चिखल, पायवाट, ओढा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे टप्प्यांच्या शर्यती. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक 2004 पासून चालू आहे. आठ दिवसांची, जोडीने करायची आणि जोडीदारांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड. (हा नियम लग्नालाही लावता आला असता.) आपल्याकडे हिमाचलात 2005 पासून एमटीबी हिमालय भरायला लागली आणि भारतातल्या पुष्कळ जणांना हा नाद तिथून लागला. एकूण काय, पाच-सात तास किंवा पाच-सात दिवस सतत पायडल मारायचं. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी. बाकीचं वर्ष साताऱ्यात.

आणि साताऱ्यात राहण्याचा त्रास असा की इथे सपाट काही नाही. पुण्याची मंडळी म्हणतात, "तुमची मजा आहे, घाट दारात!" दारात आहे हे खरं. समर्थ मंदिर ओलांडलं की यवतेश्वरचा घाट सुरूच होतो. वर गेलं की कास साधारण पंचवीस किलोमीटर. बोगद्यातून बाहेर पडलं की सज्जनगड, ठोसेघर, त्याच्या डोक्यावर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. कुठेही निघा, दहाव्या मिनिटाला छाती भात्यासारखी चालायला लागते. त्यामुळे इथला सायकलवाला रोज सकाळी शर्यत करतो. पुढे कोणी दिसला की त्याला गाठायचं, मागून कोणी आला तर त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि घरी येऊन स्ट्रावा या ॲपवर वेळ बघायची. बारा महिने हेच. मग खऱ्या शर्यतीच्या दिवशी चौथ्या तासाला पायांत काही उरलेलं नसतं, आणि माणूस म्हणतो, सराव कमी पडला.

सराव कमी नव्हता, जोर जास्त होता. स्टीफन सायलर नावाचे संशोधक नॉर्वेत राहून वर्षानुवर्षं हेच तपासत आले. स्कीइंग, रोइंग, सायकलिंगमधले अव्वल खेळाडू प्रत्यक्षात कसा सराव करतात? त्यांना दिसलं ते असं की त्यांची दहापैकी साधारण आठ सत्रं अगदी निवांत असतात. निवांत म्हणजे पूर्ण वाक्य न तोडता बोलता येईल इतकं. उरलेल्या दोनांत ते जीव काढतात. आपण हौशी लोक नेमकं मधलं काहीतरी करतो: निवांत म्हणावं तर धाप लागलेली, जोराचं म्हणावं तर तेवढा जोर नाही.

यवतेश्वरचा घाट पूर्ण वाक्यं बोलत चढायचा म्हणजे काय, हे करून बघावं कोणीही. पुढे 32 दातांची चकती, मागे 51 दातांची, पाय गरगर फिरताहेत आणि सायकल जवळजवळ उभी. दूधवाले किटल्या लावून शेजारून जातात. एकदा एक आजोबा काठी टेकत चालले होते, ते बराच वेळ माझ्या बरोबरीने होते. शेवटी म्हणाले, "ताई, बिघडली का काय सायकल?" मी म्हटलं, नाही, सावकाश चालवायचीय. त्यांनी मान हलवली. शहाण्याच्या नादी लागू नये अशी. अहंकाराचा एवढा व्यायाम दुसऱ्या कशात होत नसेल. कॉलेजातली पोरं "काकू, येऊ का पुढे?" म्हणत सूं करून जातात, आणि आपण घड्याळातले हृदयाचे ठोके बघत बसायचं. जमायला फार दिवस लागतात. माझ्या मते, दोन शर्यतींच्या मधे तंदुरुस्त राहायचं म्हणजे मुख्यतः हेच जमवायचं. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

पावसाळ्यात तर वाटच बदलावी लागते. आमचा जिल्हा विचित्र आहे. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आसपास. सह्याद्रीने ढग अडवायचे आणि पूर्वेने वाट बघायची. पुढारी, पाणी परिषदा, टँकर, सगळं या एका फरकातून निघालेलं. माझं सायकलचं वेळापत्रकसुद्धा.

जुलैत पश्चिमेला गेलं की काय होतं ते ब्रेक पॅडला विचारा. कासकडचा दगड जांभा. त्याची तांबडी माती भिजली की चिकट होते, आणि तिच्यातली बारीक वाळू डिस्क आणि पॅडच्या मधे जाऊन बसते. उतारावर ब्रेक दाबला की खर्रर्र असा आवाज येतो, पाट्यावर कोणी खडे वाटावेत तसा. घरी येऊन चाक काढून बघितलं तर रेझिनचे नवे पॅड एका उतारात पातळ झालेले, मागची पत्र्याची पट्टी डोकावायला लागलेली. म्हणून जूनमध्ये धातूमिश्रित सिंटर्ड पॅड चढवायचे. ते ओरडतात, पण टिकतात. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरात कासचा रस्ता गाड्यांनी भरून जातो. आणि एक गोष्ट सायकलवाल्यांना हात जोडून सांगायची आहे: पठारात सायकल घालू नका. खडकावरची ती माती बोटभर जाडीची, त्यात वर्षातले काही आठवडे उगवणारी झाडं. 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव गेलं ते या रोपट्यांच्या जिवावर. चाकोरी एकदा पडली की पुढच्या पावसात तिचा ओहळ होतो. रस्ता आहे, तो पुरे.

तर पावसाळ्यात मी पूर्वेला जाते. कोरेगाव, मग वर्धनगडाचा घाट, पुसेगाव. साताऱ्यातून निघताना रेनकोट घातलेला असतो, कोरेगावात तो काढून पाठीवर बांधते आणि वर्धनगड चढेपर्यंत ऊन. डांबर सोडून आत वळलं की माळावरच्या गाडीवाटा, मेंढ्यांचे कळप, ताली, कोरडे ओढे. चिखलाचा त्रास नाही, पण बाभळीच्या काट्यांचा आहे. ट्यूब घालून त्या माळावर जाणारा माणूस सायकल ढकलत परत येतो. ट्यूबलेस टायरमधलं पांढरं सीलंट काटा उपसला की फुसफुस करत भोक बुजवतं. फक्त ते काही महिन्यांत आतल्या आत वाळतं, हे लोकांच्या लक्षात राहत नाही.

त्याच पट्ट्यात पुढे माणमध्ये मोही गाव आहे. ललिता बाबर तिथली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. स्टीपलचेसमध्ये अडथळ्यापाठोपाठ पाण्याचा खड्डा असतो. दुष्काळी तालुक्यातल्या मुलीने नेमका तोच प्रकार निवडावा याची मला नेहमी गंमत वाटते.

पावसाची झड लागली की सायकल बंद आणि पाय चालू. अजिंक्यताऱ्यावर सकाळी चालणाऱ्यांची मोठी जमात आहे, तिच्यात मी घुसते. चढायला जाते त्यापेक्षा उतरायला जाते म्हणा. सायकलवर हाडांना धक्का बसत नाही. वर्षानुवर्षं फक्त रोड सायकल चालवणाऱ्यांच्या मणक्याची घनता कमी भरते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय; माउंटन बाइकवाल्यांना खडबडीत वाटेमुळे थोडी सूट मिळते, पण चाळिशीनंतर बाईने त्या सवलतीवर विसंबू नये. किल्ला उतरताना पावलागणिक जो दणका बसतो तोच हवा असतो.

आणि बैठका. आमच्या गल्लीत तालीम आहे. तिथले वस्ताद दुकानात बीपीची गोळी न्यायला येतात आणि मोफत शिकवणी देऊन जातात. त्यांना माझी सायकल हा खेळच वाटत नव्हता, पण मधल्या महिन्यांचा मुद्दा सबंध शहरात त्यांच्याइतका कोणाला कळत नाही. "वहिनी, जत्रेत कुस्ती पाच मिनिटाची. पोरगं वर्षभर काय करतंय ते मला इचारा." जत्रा चैत्र-वैशाखातल्या, आणि पाऊस लागला की पैलवान तालमीत मेहनतीला. जोर, बैठका, माती उकरणं, खुराक. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते तालमीतून आलेले, ही आठवण वस्ताद दर भेटीत करून देतात. मी सायकलसाठी म्हणून जिम लावणार होते, तर म्हणाले, "कशाला पैसे घालवता?" आता घरीच बैठका, जोर आणि पाठीसाठी एक जुना मुद्गल. सहा तास दगडांवरून हँडल धरून बसायचं तर पायांआधी कंबर आणि मनगटं बोलतात. मुद्गल त्यासाठी.

खुराकाचं मात्र वस्तादांचं आणि माझं जमत नाही. त्यांचं सगळं तुपात. माझं आधी रक्तात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न भारतीय बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. हा आकडा मला काउंटरच्या अलीकडून रोज दिसतो: दमते, चढ चढवत नाही, चक्कर येते, म्हणून टॉनिक मागायला येतात. सायकल चालवणाऱ्या मैत्रिणीसुद्धा "फॉर्म गेलाय" म्हणून रडतात आणि नवं चाक घ्यायला निघतात. बाई गं, आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघ. शर्यत संपली की माझी पहिली खरेदी ती तपासणी. कमी निघालं तर डॉक्टरांना विचारून लोहाची गोळी, आणि ती चहाबरोबर नाही. चहा लोह नीट शोषू देत नाही. लिंबू पिळलेलं काही असेल तर उलट मदत. हे मी सासूबाईंना इतक्या वेळा सांगितलंय की आता त्या गोळी घेताना माझ्याकडे बघत कपबशी लांब सरकवतात.

दुकानामुळे दुसरी एक गोष्ट पदरात पडली: ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी एक लिटर पाण्यात घातली की त्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. ग्लुकोज तिथे ताकदीसाठी नाही. आतड्याच्या भिंतीत सोडियम आणि ग्लुकोज यांना बरोबर आत घेणारी एक वाट आहे. ती दोघं आत गेली की त्यांच्यामागे पाणी जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच साखर-मिठाचं पाणी पिंपांतून वाटून असंख्य जीव वाचवले. माझ्या बाटलीत ते पाणी ओतताना मला दर वेळी थोडं ओशाळायला होतं, की कुठे ते आणि कुठे हा नाद.

पण शर्यतीत नुसत्या ओआरएसवर भागत नाही, कारण साखर अगदीच थोडी. शरीरात साठवलेली साखर जोरात चालवलं तर दीड-दोन तासांत आटते. नंतर तासाला साठ ग्रॅम तरी पोटात जायला हवी. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिसळून घेतलं तर सरावाने नव्वदपर्यंत झेपते, कारण दोघांच्या आत जायच्या वाटा वेगळ्या. आणि आपली साधी साखर म्हणजे दोन्हींचं निम्मं-निम्मं मिश्रणच. परदेशी जेलच्या एका पाकिटाच्या पैशांत आठवडाभराचं लिंबू सरबत होतं. मात्र हे पोटालाही शिकवावं लागतं, आणि ते शिकवायचं मधल्या महिन्यांत, लांबच्या राइडला. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नव्वद ग्रॅम ओतलेत तर झाडी शोधावी लागेल. कंदी पेढा शर्यतीनंतर. साताऱ्याची म्हणून मला सगळे विचारतात, पेढे नेता का खिशातून? नेते, पण दूध-खव्याचा पदार्थ चढावर पोटात दगडासारखा बसतो. तो शेवटच्या रेषेपलीकडे, भेटेल त्याला वाटायला.

इथेच एक सांगते, कारण शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात हे हमखास होतं. हिल मॅरेथॉन असो, सायकल असो, कोणीतरी येतं आणि हळूच म्हणतं, "उद्या सकाळी घ्यायला एखादी पेनकिलर द्या, त्रासच नको." आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात पाच तास घाम जाऊन अंग कोरडं पडलेलं. दोन्ही मिळून मूत्रपिंडाला फार महागात पडू शकतं. मी देत नाही. लोक रागावतात आणि पुढच्या दुकानात जातात.

दिवाळी झाली की वाऱ्याची दिशा बदलते आणि माझा आवडता भाग सुरू होतो. चिखल वाळलेला, गवत पिवळं, कासची गर्दी ओसरलेली. आठवड्यातून एक लांब राइड. ठोसेघरवरून चाळकेवाडीला चढायचं आणि पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी पाडलेल्या मुरमाच्या रस्त्यांवर तासन् तास फिरायचं. तिथे पवनचक्क्या उगाच नाही लावलेल्या. वारा समोरून असला की सपाटीवरही घाटाचा गिअर टाकावा लागतो, आणि बाजूने आला की सायकल तिरकी धरून चालवायची. डोक्यावर पात्यांचा घुं-घुं आवाज, खाली उरमोडी धरणाचं पाणी. मोबाइलला रेंज येते-जाते, तेवढा वेळ "वहिनी, साखरेची गोळी कुठल्या खणात?" हे विचारणारा फोनही येत नाही.

या दिवसांत धोका एकच, आणि तो डोंगरात नाही, खालच्या रस्त्यावर. ऊसतोड सुरू झालेली असते. पहाटे पाचच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाची वाढी दोन्हीकडून हातभर बाहेर आलेली. वर गाणी इतक्या मोठ्याने की चालकाला ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही, माझी घंटी काय ऐकू येणार! मी पुढे-मागे दोन-दोन दिवे लावते आणि कारखान्याच्या रस्त्याने उजाडल्याशिवाय जात नाही. बैलगाडी असेल तर मात्र मागे राहायला हरकत नसते. तासभर निवांत चालवायचा सराव आपोआप होतो.

प्रत्यक्ष शर्यतीबद्दल लिहिण्यासारखं थोडंच. आधीचे दहा-बारा दिवस अंतर निम्म्यावर आणायचं, अधूनमधून दोन-चार मिनिटांचा जोर, झोप भरपूर. या दिवसांत हमखास गुडघा दुखल्यासारखा वाटतो, घसा खवखवतो आणि आपण काही विसरतोय असं वाटत राहतं. काही विसरलेलं नसतं. मग भल्या पहाटे क्रमांकाची पट्टी हँडलला बांधायची, पहिल्या चढावर सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं, आणि चौथ्या तासापासून त्यांतले काही एकेक करून परत भेटायला लागतात. कोणी पायाला गोळा आलाय म्हणून झाडाखाली, कोणी ओढ्यात डोकं बुडवून. "चला, चला," म्हणत आपण त्याच बैलगाडीच्या चालीने पुढे जायचं.

आल्यावर दोन आठवडे मी सायकलला हात लावत नाही, आणि याची पूर्वी भीती वाटायची ती आता वाटत नाही. बसून राहिलं की काही दिवसांतच रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणून पहिला घाट जड जातो. दोन-तीन आठवड्यांत ऑक्सिजन वापरायची ताकद पाच-सात टक्के उतरते. पण वर्षानुवर्षं कमावलेलं स्नायूंमधलं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं इतक्यात कुठे जात नाही. वरवरचं गेलेलं महिन्याभरात परत येतं.

सध्या तेच दोन आठवडे चालू आहेत. सायकल गच्चीच्या जिन्याखाली उलटी ठेवून नवऱ्याने ती धुतली, हे त्याचं दर वर्षीचं काम. चेन मोजायची पट्टी टाकून बघितली तर अर्ध्या टक्क्याच्या खुणेवर ती सरळ आत बसली. म्हणजे चेन गेली. कॅसेटचे, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचाचे, मधले दातही घासलेत, नवी चेन त्यावर घसरणार. दोन्ही एकदम बदलायचं म्हटल्यावर त्याने किंमत विचारली. मी सांगितली. तो म्हणाला, एवढ्यात दुकानाला नवा फ्रीज येईल. इन्सुलिन ठेवायचा जुना फ्रीज खरंच कुरकुरायला लागलाय, त्यामुळे आज सकाळी चर्चा तिथेच थांबली आणि मी चालत किल्ल्यावर जाऊन आले.